कानाची कमाई

डीजे गाणी वाजवतो, एवढे म्हटल्याने त्याच्या कामाचे अर्धेच वर्णन होते. गाणी मोबाइलही वाजवतो. एक गाणे उतरणीला लागले असता पुढचे कोणते आणावे, ते नेमके कोणत्या मात्रेवर आत घ्यावे आणि या अदलाबदलीत नाचणाऱ्याचा पाय कुठेही अडखळू नये, हे सांभाळणे म्हणजे डीजेचे काम. त्याचे कसब दोन गाण्यांच्या मधल्या जागेत राहते. गाणी दुसऱ्यांनी रचलेली, दुसऱ्यांनी गायलेली असतात. त्यांचा क्रम आणि त्या क्रमातून उभी राहणारी रात्र मात्र त्याची असते. ही कला शिकता येते, तिचे नियम समजावून सांगता येतात आणि नीट हिशेब ठेवला तर तिच्यावर घरही चालते. कला आणि कमाई या दोन्हींसाठी आधी कान तयार व्हावा लागतो.

या कलेचा पाया अमेरिकेत घातला गेला. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ या क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांच्या लयी जुळवून एकीतून दुसरीत सहज शिरू लागला. १९७२ मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-१२०० हा टर्नटेबल बाजारात आणला. तो घरात निवांत संगीत ऐकणाऱ्यांसाठी होता; पण त्याची मोटर थेट चकतीखाली असल्याने ती चटकन वेग घेई आणि घेतलेला वेग ढळू देत नसे. डीजेंनी तो आपलासा केला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या एका घरगुती मेजवानीत कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा, ज्यावर मंडळी सर्वांत जोमाने नाचत, लांबवून वाजवला. पुढे एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा हवा तितका वेळ फिरवत ठेवण्याची रीत त्याने रुळवली आणि त्यातून हिपहॉपची वाट निघाली. १९७७ पासून शिकागोच्या ‘वेअरहाउस’मध्ये फ्रँकी नकल्स वाजवू लागला आणि हाऊस संगीताला त्या जागेवरूनच नाव मिळाले. २००१ मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० आला, तेव्हा तबकडी हाताने मागेपुढे करण्याची सोय सीडीवरही मिळाली. त्यानंतर लॅपटॉप, कंट्रोलर आणि पेन ड्राइव्ह आले. प्रत्येक यंत्राने डीजेच्या हातावरचा भार हलका केला. निवडीचा भार कोणत्याही यंत्राने उचललेला नाही.

महाराष्ट्रात हे काम अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. हळद, वरात, संगीत, नवरात्रातला गरबा, कंपन्यांचे वार्षिक मेळावे, महाविद्यालयांची संमेलने, मुंबई-पुण्यातले पब आणि शेजारच्या गोव्याचे किनारे, इतका त्याचा पसारा आहे. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीला सुरू झालेल्या सनबर्न महोत्सवाने मोठ्या मंचावरचा डीजे इथल्या तरुणांना जवळून दाखवला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केले आणि मराठी बोल हाऊसच्या ठेक्यावर देशाबाहेर पोचले. तरीही नव्याने शिकणाऱ्याला पोट भरणारे काम बहुधा लग्नघरातच मिळते. ते कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. पबमध्ये साधारण एका वयाची, एका आवडीची माणसे येतात. हळदीच्या अंगणात सहा वर्षांची नात आणि सत्तरीची आजी एकाच ठेक्यावर उभ्या राहतात. त्या दोघींना एकाच वेळी नाचवणे ही या व्यवसायातली अवघड परीक्षा आहे.

शिक्षणाची सुरुवात मोजण्यापासून होते. नाचाचे बहुतेक आधुनिक संगीत चार मात्रांच्या आवर्तनात बांधलेले असते. अशी आठ आवर्तने मिळून बत्तीस मात्रांचा एक टप्पा होतो, आणि गाण्यात काहीही नवे घडायचे असेल, म्हणजे ठेका सुरू व्हायचा असेल, गायन यायचे असेल किंवा बेस थांबायचा असेल, तर ते बहुधा टप्प्याच्या सुरुवातीला घडते. मिनिटाला १२८ मात्रांची गती असेल तर हा टप्पा बरोबर १५ सेकंदांचा होतो. दुसरे गाणे पहिल्याच्या टप्प्याच्या सुरुवातीलाच सोडले, तर दोन्ही गाण्यांतले चढउतार आपोआप एकमेकांवर बसतात. मधेच सोडले तर लय जुळूनही काहीतरी बिनसल्यासारखे वाटते. नाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा पाय ते ओळखतो. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी काही आठवडे फक्त गाणी ऐकत मात्रा मोजणे हा उत्तम अभ्यास आहे. भजनी मंडळात टाळ धरून वाढलेल्या मुलाला हे लवकर साधते. सम कुठे येणार हे त्याच्या हाताला आधीच ठाऊक असते.

त्यानंतर लय जुळवणे. चालू गाणे मिनिटाला १२४ मात्रांचे आणि येणारे १२५ मात्रांचे असेल, तर फरक क्षुल्लक वाटतो. पण दोन्ही एकत्र सुरू केली तर अर्ध्या मिनिटात ती अर्ध्या मात्रेने फाकतात आणि एकाचा ठोका दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत पडू लागतो. डीजे एका कानाने सभागृहातले गाणे ऐकतो आणि दुसऱ्या कानाला हेडफोन लावून येणारे गाणे ऐकतो. येणारे गाणे पुढे पळत असेल तर पिचची पट्टी सरकवून त्याचा वेग किंचित कमी करतो, मागे रेंगाळत असेल तर वाढवतो, आणि दोन्ही ठोके एकच ऐकू येईपर्यंत हे चालू ठेवतो. आजच्या यंत्रांवर हे काम ‘सिंक’ नावाचे बटण क्षणात करते. ते वापरण्यात कमीपणा नाही. मात्र कानाने जुळवायला शिकलेल्याला बटण चुकले की लगेच कळते, आणि न शिकलेल्याला ते प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून कळते. शिकण्याच्या काळात पडद्यावरचे आकडे झाकून सराव करावा, असे अनुभवी डीजे सांगतात ते याचसाठी.

बटण चुकण्याचे प्रसंग भारतीय गाण्यांत वारंवार येतात. यंत्र गाण्यावर समान अंतराच्या रेषांची एक जाळी टाकते आणि प्रत्येक ठोका त्या रेषेवर पडेल असे गृहीत धरते. संगणकावर बांधलेल्या गाण्यांत ते खरे असते. पण पन्नास ते ऐंशीच्या दशकांतली चित्रपटगीते जिवंत वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. ढोलकीवाला अंतऱ्यानंतर मुखड्याकडे येताना थोडा चढतो, गायक एखाद्या जागी श्वास लांबवतो, आणि गाण्याची गती दोन-तीन मात्रांनी वरखाली होते. त्या गाण्यांचा जिवंतपणा याच हालचालीत आहे. अशा गाण्यावर जाळी हाताने, तुकड्या-तुकड्याने बसवावी लागते, किंवा मिश्रणाचा हव्यास सोडून मुखडा पुरा होताच नेमक्या समेवर दुसरे गाणे आणावे लागते.

दुसरी अडचण तालाची. कोळीगीते, गोंधळ आणि गरब्यातला मोठा भाग सहा मात्रांच्या चालीवर आहे. चार मात्रांच्या गाण्यातून तिथे थेट उडी मारली की नाचणाऱ्यांची पावले विस्कटतात. यावर डीजे लोकांनी वेगवेगळे तोडगे काढले आहेत. मध्ये नुसत्या हलगीचा किंवा संबळाचा तुकडा ठेवून पायांना नव्या चालीची ओळख करून द्यायची. किंवा चालू गाण्याचा शेवटचा शब्द प्रतिध्वनीत विरू द्यायचा आणि त्या पोकळीत नवा ताल उचलायचा. शिवाय चित्रपटगीतांना सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या ठेक्याचा मोकळा भाग क्वचितच असतो, जो क्लबसाठी केलेल्या संगीतात मुद्दाम ठेवलेला असतो. तो डीजेला स्वतः जोडून घ्यावा लागतो. अशा तयार केलेल्या आवृत्तीला ‘एडिट’ म्हणतात. दुसऱ्याकडून घेतलेल्या एडिटवर काम भागते, पण स्वतः केलेल्या एडिटमुळे त्या गाण्याची प्रत्येक मात्रा माहीत होते.

लयीच्या जोडीला स्वर येतो. दोन गाण्यांच्या पट्ट्या एकमेकींना मानवत नसतील, तर लय जुळूनही ती एकत्र वाजताना कानाला खुपतात. गाण्यांच्या पट्ट्या एक ते बारा आकड्यांच्या चक्रावर मांडणारी पद्धत डीजेंमध्ये रूढ आहे. शेजारच्या आकड्यांची गाणी सहसा गोडीने मिसळतात. जुन्या पद्धतीने गाण्याचा वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला की त्याची पट्टीही अर्ध्या स्वराने चढते. आजच्या यंत्रांत पट्टी स्थिर ठेवून वेग बदलण्याची सोय आहे, पण वेग फार ताणला तर आवाज रबरी होतो आणि लता मंगेशकरांचा किंवा सुरेश वाडकरांचा गळा ओळखीचा वाटेनासा होतो. ज्या गाण्याचा आब राखायचा, ते चार टक्क्यांपलीकडे न ओढणे बरे.

मिक्सरवरचे शिक्षण हे बरेचसे संयमाचे शिक्षण आहे. प्रत्येक गाणे वेगळ्या जोरात ध्वनिमुद्रित झालेले असते. जुने गाणे हळू येते, नवे अंगावर येते. गेनचे बटण फिरवून दोन्ही एका पातळीवर आणणे हे पहिले काम. दुसरे काम बेसचे. दोन गाण्यांचे खर्जाचे ठोके एकत्र वाजले तर आवाज वाढत नाही, गढूळ होतो. म्हणून येणाऱ्या गाण्याचा बेस आधी पूर्ण उतरवलेला असतो, आणि टप्पा बदलताना एका हाताने जुन्याचा बेस काढत दुसऱ्या हाताने नव्याचा चढवला जातो. नाचणाऱ्यांना गाणे बदलल्याचे जाणवते ते याच क्षणी. तिसरी गोष्ट लाल दिव्याची. मिक्सरचा दिवा हिरव्यातून लालमध्ये गेला की ध्वनिलहरीची टोके छाटली जाऊ लागतात. आवाज कर्कश होतो आणि स्पीकरमधले उंच स्वरांचे नाजूक ट्वीटर जळू शकतात. आवाज कमी पडत असेल तर तो पुढे अँप्लिफायरवर वाढवावा. त्यासाठी साउंड ऑपरेटरशी सलोखा लागतो. “भाऊ, मास्टर थोडा वर घे,” एवढे वेळेवर सांगता येणे हेही कौशल्यच आहे.

खरा डीजे कार्यक्रमाच्या कितीतरी आधी, एकट्याने, गाण्यांच्या संग्रहात घडतो. संग्रह मोठा असण्यापेक्षा ओळखीचा असणे महत्त्वाचे. तीनशे गाणी अशी असावीत की कोणत्या सेकंदाला ढोलकी येते आणि कुठे गायक थांबतो, हे डोळे मिटूनही सांगता यावे. प्रत्येक गाण्याला गती, पट्टी, काळ आणि प्रसंग यांची खूण करावी, आणि हळदीची, वरातीची, जेवणाच्या वेळची, लहान मुलांची अशी वेगवेगळी दालने लावावीत. ध्वनीची प्रतही पाहावी लागते. १२८ केबीपीएसची फाइल मोबाइलवर ठीक वाटते, पण मोठ्या स्पीकरवर तिच्यातल्या झांजा पाण्याखालून आल्यासारख्या वाजतात. ३२० केबीपीएसची एमपी३ किंवा वेव्ह फाइल घ्यावी आणि ती विकत घ्यावी. दुसऱ्याच्या कलेवर पोट भरणाऱ्याने त्या कलेची किंमत चुकती करणे हा या धंद्यातला साधा प्रामाणिकपणा आहे.

एवढी तयारी झाल्यावर माणसे वाचायला शिकावे लागते, आणि हे कोणत्याही पुस्तकातून पुरते शिकता येत नाही. संध्याकाळच्या सुरुवातीला अंगण रिकामे असते. तेव्हाच सर्वांत गाजलेली गाणी उधळून टाकली तर ऐन रंगात हाताशी काही उरत नाही. सुरुवातीचा तास ओळखीच्या, मध्यम गतीच्या, बोलता बोलता मान डोलावी अशा गाण्यांचा असावा. पहिल्यांदा कोण उठते हे पाहावे. आत्या-मावश्या उठल्या तर त्यांच्या तरुणपणची गाणी लागोपाठ तीन-चार द्यावीत, म्हणजे त्यांना संकोच सोडायला वेळ मिळतो. तरुण मुले उठतातच. गती हळूहळू चढवावी, शिखरावर फार वेळ थांबू नये, कारण दमलेले माणूस बसले की पुन्हा लवकर उठत नाही. मधे एखादे संथ गाणे देऊन घोटभर पाणी प्यायला वाव द्यावा. सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वतःची आवड लादणे. त्याच्या उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक फर्माईश त्याच क्षणी वाजवणे. फर्माईश हसून घ्यावी, लिहून ठेवावी आणि तिची जागा आली की वाजवावी. जिच्यासाठी गाणे लागले ती आजी काठी बाजूला ठेवून दोन पावले टाकते, तेव्हा त्या क्रमाचे सार्थक होते. मोठ्या कलाकाराच्या आधी वाजवणाऱ्या डीजेला तर आणखी वेगळा विवेक लागतो. त्याने सभागृह तापवायचे असते आणि शिखर पुढच्यासाठी राखून ठेवायचे असते.

साधने घेताना घाई करू नये. दोन डेकचा साधा कंट्रोलर, चांगला बंद हेडफोन, लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर यांवर पहिली दोन वर्षे निघतात. मोठ्या जागी वाजवायची वेळ आली की तिथली यंत्रे आयोजक भाड्याने आणतो. त्यांच्यावर वाजवायला जाताना गाणी दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर, यंत्र वाचू शकेल अशा फॅट-३२ पद्धतीने घेऊन जावीत. लहान वाटणाऱ्या वस्तू कार्यक्रम वाचवतात: जास्तीच्या केबली, जोडण्यांचे अॅडॉप्टर, टॉर्च, चिकटपट्टी. गावाकडच्या मांडवात वीज खालीवर होते आणि जनरेटर बदलताना क्षणभर जातेही. लॅपटॉप आणि कंट्रोलर यूपीएसवर असले तर ती अडचण सोसता येते. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहतो आणि ओल्या मांडवात शॉक लागण्याचा धोकाही असतो. म्हणून कार्यक्रमाआधी वायरमनबरोबर उभे राहून जोडणी पाहून घेणे हे डीजेच्याच कामात मोडते.

शिकण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्या एकमेकींना पूरक आहेत. मोठ्या शहरांतल्या शिकवण्या काही महिन्यांत यंत्रांची ओळख करून देतात. साउंडवाल्याच्या हाताखाली एक लगीनसराई काढली तर केबल गुंडाळण्यापासून यजमानाशी बोलण्यापर्यंत सारे कळते. दोन्हींपेक्षा मोठा गुरू म्हणजे स्वतःचे ध्वनिमुद्रण. सरावाचा प्रत्येक तास मुद्रित करावा आणि दुसऱ्या दिवशी, हात यंत्रावर नसताना, ऐकावा. वाजवताना जी जोडणी झकास वाटलेली असते ती तिऱ्हाईताच्या कानाने ऐकली की कुठे घाई झाली ते स्पष्ट दिसते.

व्यवहाराचा भाग इथून सुरू होतो, आणि पुष्कळ गुणी डीजे याच भागात मागे पडतात. मोबदला ठरवताना फक्त वाजवण्याचे तास मोजले जातात. खरे तर यजमानाशी बोलणे, गाण्यांची तयारी, प्रवास, मांडणी, आवराआवर आणि रात्रीचे परतणे हे सारे त्याच कामाचे तास आहेत. यंत्रांची झीजही मोजावी लागते. समजा तीन लाख रुपयांची सामग्री तीन वर्षे चालणार आहे आणि वर्षाला चाळीस कार्यक्रम मिळतात. म्हणजे एकूण एकशे वीस कार्यक्रम, आणि प्रत्येक कार्यक्रमावर अडीच हजार रुपये नुसत्या झिजेचे. त्यावर गाडीभाडे, मदतनिसाची मजुरी, गाण्यांचा खर्च आणि मग स्वतःचे उत्पन्न. हा हिशेब ज्याने मांडला नाही तो शेजारच्या डीजेपेक्षा हजार रुपये कमी सांगून काम मिळवतो आणि यंत्र बिघडले की कर्ज काढतो.

महाराष्ट्रातल्या धंद्याला पंचांगाचाही हिशेब आहे. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते आणि ज्येष्ठ संपेपर्यंत चालते. चातुर्मासात लग्ने थांबतात. गणपती आणि नवरात्र सोडले तर ते महिने कोरडे जातात, आणि अधिक महिना आला की मुहूर्त आणखी पांगतात. म्हणून सराईतल्या कमाईचा ठराविक वाटा पावसाळ्यासाठी बाजूला ठेवणे ही चैन नव्हे, गरज आहे. हेच महिने नवी गाणी शोधण्याचे, एडिट करण्याचे आणि यंत्रांच्या दुरुस्तीचे.

तारीख पक्की होते ती इसार हातात आल्यावर. तोंडी शब्दावर तारीख अडवून ठेवली आणि यजमानाने ऐनवेळी दुसरा डीजे आणला, तर त्या दिवसाची भरपाई कोणी करत नाही. एका पानाचा साधा करार पुरतो. त्यात तारीख, जागा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, साउंड आणि लाइट कोणाचे, जनरेटर कोणाचा, एकूण रक्कम, इसार, उरलेली रक्कम कधी द्यायची, वेळ वाढल्यास तासाचा दर आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, एवढे असावे. उरलेली रक्कम कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी घेण्याची रीत ठेवणे शहाणपणाचे. रात्री एकला, वऱ्हाड पांगल्यावर, पैशांसाठी कोणाला शोधावे हा प्रश्न मग उरत नाही. कंपन्यांच्या कामासाठी बिल, पॅन आणि बँक खाते नीट असावे लागते. त्या मोबदला देताना कर कापून देतात आणि तो पुढे विवरणपत्र भरून जमेस धरता येतो. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि यंत्रांसाठी कर्ज घेताना ती उपयोगी पडते.

गाण्यांचे हक्क हा विषय टाळून चालत नाही. विकत घेतलेले गाणे खासगी ऐकण्यासाठी असते. ते सार्वजनिक ठिकाणी वाजवण्यासाठी परवाना लागतो. ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी पीपीएल ही संस्था १९४१ पासून आणि गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस १९६९ पासून काम करते. पब, हॉटेल आणि तिकिटांच्या कार्यक्रमांना या परवान्यांचा प्रश्न हमखास येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि तिच्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे धरलेले आहेत. पण हॉटेलातल्या व्यावसायिक स्वरूपाच्या लग्नसोहळ्याला ती कुठवर लागू, यावर वाद होत आले आहेत. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठाने या सवलतीसंबंधीचे गोवा सरकारचे परिपत्रक रद्द केले. म्हणून परवाना आयोजकाने काढायचा की जागेच्या मालकाने, हे करारातच लिहून घ्यावे.

आवाजाची मर्यादा हा डीजेच्या व्यवसायाचा आणि त्याच्या शेजारधर्माचा एकत्रित विषय आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरलेली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. स्पीकरच्या भिंती रचून काढलेल्या मिरवणुकांनी या कलेचे नाव फार खराब केले आहे. खिडकीच्या काचा थरथरवणारा आवाज कोणत्याही जोडणीचे कौशल्य ऐकू देत नाही. त्याने फक्त हृदयरोग्याची, बाळंतिणीची आणि अभ्यासाला बसलेल्या मुलाची रात्र हिरावून घेतली जाते. ज्याला आपल्या कलेचा अभिमान आहे त्याने आवाजाची मर्यादा पोलिसांच्या आधी स्वतः पाळावी.

ती पाळण्याचे आणखी एक कारण त्याच्याच शरीरात आहे. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत कानाला झेपतो असे मानले जाते. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला तो जेमतेम पंधरा मिनिटे उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी सुचवलेली कमाल सरासरी पातळीही १०० डेसिबलच आहे. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. वादकांसाठी बनवलेले इअरप्लग आवाज सगळ्या स्वरांत सारखा कमी करतात. ते वापरावेत, आपल्याजवळच्या मॉनिटर स्पीकरचा आवाज गरजेपुरताच ठेवावा, आणि कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर तिला थकवा म्हणून सोडून न देता तज्ज्ञाला दाखवावे.

नाव होते ते हळूहळू. पुढचे काम बहुधा मागच्या कार्यक्रमातल्या पाहुण्यांकडून येते. तिथे लोक मिश्रणाच्या बारकाव्यांपेक्षा साध्या गोष्टी लक्षात ठेवतात: डीजे वेळेवर आला, नीट बोलला, वडीलधाऱ्यांचे गाणे विसरला नाही, दारूला शिवला नाही. अर्ध्या तासाचे एक नीटस ध्वनिमुद्रण आणि दोन-तीन कार्यक्रमांच्या खऱ्या चित्रफिती एवढी ओळख सुरुवातीला पुरते. ज्याला पुढे स्वतःचे संगीत करायचे आहे, त्याच्यासाठी कोळीगीतांच्या, गोंधळाच्या, हलगीच्या आणि लावणीच्या तालांत अजून पुष्कळ न हाताळलेले पडले आहे. दुसऱ्या देशातल्या ठेक्यांची नक्कल करणारे पुष्कळ आहेत. आपल्या सहा मात्रा जगाच्या चार मात्रांशी नेटकेपणाने भेटवणारे थोडे.

हा धंदा रात्रीचा आहे, सणासुदीला घरापासून दूर राहण्याचा आहे, आणि तो करणाऱ्याला अजूनही अनेक घरांत ‘पण नोकरी काय करतोस?’ असे विचारले जाते. त्याचे उत्तर कामातूनच द्यावे लागते. यंत्रे भाड्याने मिळतात आणि गाणी विकत मिळतात. समोरच्यांना काय हवे आहे हे ऐकण्याची आणि शेजाऱ्याला काय सोसवत नाही हेही ऐकण्याची सवय मात्र ज्याची त्यानेच लावून घ्यायची असते. ती ज्याला लागली तो उत्तम डीजे होतो आणि त्याची तारीख पुढच्या वर्षीही आधी धरली जाते.